गिअरच्या पोटातली वात

माझ्या अक्षराकडे पाहू नये. चौथी झाल्यावर शाळा सुटली. त्यानंतर पेन्सिल हातात आली ती कॉर्कच्या तावावर रेघ ओढण्यापुरती. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हते, आणि आता या वयात कोणाला विचारायला गेले तर हसतील. ओळी खाली घसरतात त्या चष्म्यामुळे. जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्यानं मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं. वाचणारं कोणी असेलच असंही नाही.

माझी भाची शाळेत बाई आहे. तिनं ही वही आणून दिली. मागच्या वर्षी आमचे मिस्तरी गेले तेव्हा तेराव्याला बरीच माणसं आली होती. अमरावतीहून आली, अकोटहून आली. सगळ्यांच्या तोंडी एकच. दोन जिल्ह्यांत आपोआप गिअरची गाडी उघडणारा एकच माणूस होता, तो गेला. मी आत बसून ऐकत होते. ते खोटं नाही. पण त्या गिअरचं एक काम माझ्या हातचं होतं हे त्या माणसांपैकी कोणाला माहीत नव्हतं. भाचीला थोडं माहीत होतं. ती म्हणाली, "मामी, लिहून ठेव." म्हणून लिहिते. चांगलं तेवढंच लिहिलं तर अर्धं होईल. म्हणून दुसरंही लिहिणार आहे.

मी माळ्याची मुलगी. अमरावतीला राजापेठेच्या पलीकडे आमच्या वडिलांची वाडी होती. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, आणि कडेनं शेवंती. लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत आले. पुढे गॅरेज, मध्ये अंगण, मागे दोन खोल्या. मी फार लाजाळू. गिऱ्हाईक आलं की दाराच्या आत. सासूबाई म्हणत, "हिले भूत पायल्यावानी काहून होते?" तरी गॅरेजातलं सगळं ऐकू येई. सहा-सात वर्षांत कोणत्या गाडीचा आवाज कसा बिघडला हे मला दाराआडून समजू लागलं होतं.

अकोला त्या वेळी कापसाच्या पैशाचं गाव. कापसातली सरकी काढणारे जिनवाले, अडते, मोठे वकील यांच्याकडे लांब अमेरिकन गाड्या येऊ लागल्या. कोणी मुंबईहून जुनी घेई, कोणी कुठल्या संस्थानिकाची उतरलेली. त्यातल्या काहींना क्लच नसे. पायात दोनच पट्ट्या, एक पळवायची, एक थांबवायची. गिअर आपला आपण पडे. लोक जमून पाहात. मिस्तरींनी अशी पहिली गाडी पाहिली त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मुंबईला एका ओळखीच्या गॅरेजात दीड महिना राहून शिकून आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साध्या गाडीत गिअरबॉक्सात जाड तेल असतं, ते फक्त दात झिजू नयेत म्हणून. आपोआप गिअरमध्ये तेलच सगळं काम करतं. ते पातळ असतं आणि लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. इंजिनमागे एक मोठा बंद गोळा असतो, मिस्तरी त्याला भोपळा म्हणत. त्यात हे तेल फिरतं आणि फिरता फिरता चाकं ओढतं. बाकीचं तेल बारीक बारीक नाल्यांतून जातं. त्या नाल्यांत बोटाएवढे, काही करंगळीहून बारीक असे दट्टे असतात. तेलाचा जोर आला की दट्टा सरकतो, दट्टा सरकला की गिअर बदलतो. दट्टा आणि त्याचं भोक यांत केस मावेल एवढीही जागा नसते. म्हणून तेल स्वच्छ पाहिजे. पोटाच्या तळाशी एक परात असते आणि परातीत बुडालेली बारीक तारेची जाळी. तेल तिच्यातून गाळून वर जातं.

काही हजार मैल झाले की तेल बदलायचं आणि जाळी धुवायची. आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल गरम करायचं, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर खाली येतो. परातीचं तेल सोडायचं. मग भोपळा हातानं फिरवून त्याचं मळसूत्री बूच खाली आणायचं आणि त्यातलं तेलही सोडायचं. पुष्कळांना हे दुसरं माहीत नसे, ते अर्धं जुनं तेल आतच ठेवत. सोडलेलं तेल मिस्तरी बोटावर घेत, वास घेत. लाल असेल तर ठीक. तपकिरी आणि जळकट वास आला तर कोणाचं तरी चुकलं. परातीच्या तळाशी थोडी करडी माती बसते, ती चालते. चकाकणारा कीस दिसला तर मिस्तरींचा चेहरा पडे.

परात आणि जाळी धुणं हे माझं काम झालं. गॅरेजात धूळ. वरून रस्त्याची धूळ, आणि हंगामात हवेत कापसाचे तंतू. मिस्तरी म्हणाले, "इथं नाही धुता येत. घरात धुवाले पाहिजे, भांड्यावानी." माझे हात फुलं निवडायला बसलेले, घाई नसलेले. गाळलेल्या रॉकेलात जाळी तीनदा धुवायची, उन्हाकडे धरून भोकं पाहायची, पंपाची हवा मारायची, मग पुसायची. परातीचं गॅस्केटही, म्हणजे कडेनं तेल गळू नये म्हणून बसवायची कॉर्कची पट्टी, मी कापू लागले. मुंबईहून मागवलं तर तीन आठवडे. कॉर्कचा ताव परातीवर ठेवून हातोडीनं हलके हलके ठोकलं की कडेची खूण उठते, तिच्यावरून कापायचं. बोल्टची भोकं पाडायला मी वडिलांच्या वाडीतला एक जुना पाइपाचा तुकडा घासून धार लावून घेतला होता. माझ्या गॅस्केटमधून थेंब गळला नाही कधी. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

पुसायला काय घ्यावं यावर मिस्तरींचा एकच नियम होता. सुती चिंधी चालणार नाही, तिचे धागे सुटतात. रेशीम पाहिजे. आता मिस्तरीच्या घरी रेशीम कुठून येणार? शेजारी गुरुजींचं घर होतं. त्यांच्या घरच्या काकूंनी गुरुजींचं एक विरलेलं सोवळं मला गुपचूप दिलं. म्हणाल्या, "बोहारणीला देण्यापेक्षा तुझ्या कामात येऊ दे. फक्त यांना सांगू नकोस." सासूबाईंनी मात्र ते देवाच्या फळीवर ठेवून दिलं. "बामनाचं सोवळं हाय ते. कुठंबी फेकू नको." काम आलं की मी त्यातला टीचभर तुकडा कापून घेई.

गिऱ्हाइकांच्या गमती पुष्कळ. अमरावतीचे एक वकील होते. त्यांची तक्रार की गाडी चालता चालता दणकन थांबते, मान मोडते. मिस्तरी त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, गाडीले काही नाही झालं. तुमचा डावा पाय क्लच शोधून राह्यला, अन् त्याले बिरीक सापडून राह्यला."

"मग उपाय?"

"डाव्या पायाची मांडी घालून बसा."

वकीलसाहेब खरंच महिनाभर एका पायाची मांडी घालून कोर्टात जात होते. एक देशमुख होते, ते जुनं तेल आपल्या डब्यात मोजून परत नेत. पैसे दिले होते ना त्याचे. घरच्या सगळ्या बिजागऱ्यांना घालत. त्यांच्या वाड्याची दारं फार मऊ उघडत असं मिस्तरी सांगत.

आता ते दुसरं सांगते.

अकोटला एक जिनवाले शेठजी होते. आकाशी रंगाची गाडी, नाकाशी चांदीसारखं चकचकीत. तिचे ड्रायव्हर उस्मानभाई. चाळिशीचे, उंच, कमी बोलणारे. ती गाडी ते स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसत. शेठजी पगार देत त्यातले थोडे पैसे उस्मानभाई त्यांच्याच पेढीच्या गादीवर जमा ठेवत. अकोला-अकोट रस्त्यावर एका ओळखीच्या माणसाबरोबर भागीत जुनी टॅक्सी घ्यायची, असं त्यांचं ठरलं होतं. चहा पिताना ते मिस्तरींना सांगत आणि मी आतून ऐकत असे. दर खेपेला टॅक्सी थोडी जवळ आलेली असे.

त्या वर्षी ऐन हंगामात गाडी तेल बदलायला आली. महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. उस्मानभाईंनी येताना शेठजींकडून भेट म्हणून रुईचं एक पोतं आणलं होतं, गाद्यांसाठी. जिनातून नुकती निघालेली पहिल्या प्रतीची रुई. ते पोतं अंगणात ठेवलं.

मी त्या दिवसांत बाजूला बसले होते. बायकांना अधिक सांगायला नको. मागच्या पडवीत माझं अंथरूण, वेगळं तांब्या-भांडं. चार दिवस घरात पाऊल नाही. धुण्याचं काम मात्र चालत असे. लोखंडाला आणि रॉकेलला विटाळ नाही, असा निकाल सासूबाईंनीच दिला होता, कारण नाहीतर गॅरेज अडलं असतं.

मिस्तरी गाडीखाली खड्ड्यात होते. परात आणि जाळी अंगणाच्या कडेला ठेवून त्यांनी हाक मारली, "लवकर करजो वं. शेठजीले दुपारी निघाचं हाय." मी नेहमीसारखं तीनदा धुतलं. हवेचा पंप एका ट्रकच्या चाकाला लागला होता. पुसायला तुकडा पाहिला तर नव्हता, मागचा संपला होता. नवा कापायचा तर सोवळं देवाच्या फळीवर. सासूबाई गुरुजींकडे पोथी ऐकायला गेलेल्या. मिस्तरींना सांगायचं तर हाक मारून सांगावं लागलं असतं, "तुम्ही आणून द्या, मला आत जाता येत नाही." गॅरेजात उस्मानभाई, दोन कामगार, ट्रकवाले. सगळ्यांना कळलं असतं. मी हाक मारलीच नाही.

समोर पोतं होतं. फाटक्या कोपऱ्यातून रुई बाहेर आली होती, इतकी पांढरी की डोळे दिपावे. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला रुईपेक्षा स्वच्छ काही वाटत नाही. बाळाला तिच्यात निजवतात, देवापुढे तिचीच वात लावतात. चिंधीचे धागे सुटतात, पण ही कुठे चिंधी आहे, असं माझ्या मनानं मला समजावलं. मी मूठभर घेतली, परात पुसली. जाळीच्या तोंडाला एक नळी असते, तिच्यात बोट जात नाही. मी मांडीवर रुईची लांब वात वळली आणि नळीतून फिरवून काढली. सगळी निघाली असं मला वाटलं. मिस्तरींनी जाळी घेतली, बसवली. माझ्या हातची म्हणून त्यांनी पाहिलीही नाही.

तीन आठवडे गाडी नीट चालली. मग एके दिवशी अकोटच्या बाजाराआधी दोन मैलांवर उभी राहिली. पुढे जाईना. इंजिन ओरडे, चाकं हलेनात. मागे मात्र जाई. उस्मानभाई म्हणाले, थांबू, मिस्तरींना बोलावू. शेठजींना बाजारात लिलावाला पोचायचं होतं, मुंबईचे व्यापारी आले होते. ते म्हणाले, मागे जाते ना, मग मागेच घे. उस्मानभाईंनी मान वळवून दोन मैल गाडी उलटी नेली. आकाशी गाडी बाजारात पाठमोरी शिरली. बैलगाड्यावाले बाजूला झाले आणि मग हसले. कोणीतरी ओरडलं, "शेठ परत चालले का आले?" त्या उलट्या दोन मैलांत गिअरचं उरलेलं पोट जळालं.

ट्रकला बांधून गाडी आमच्याकडे आली. तेल काळं झालं होतं, वास नाकातून जात नव्हता. मिस्तरींनी गिअर पूर्ण उतरवला, दट्ट्यांची पाटी सोडवली आणि धुवायला मागे दिली. पडवीत बसून मी एकेक दट्टा काढत होते. एक निघेना. बोटानं दाबून दाबून काढला. त्याच्या खाचेत काळी सुतळी अडकलेली. रॉकेलात बुडवली, काळं सुटलं, आणि आतून पीळ दिसला. उजवीकडून दिलेला, मध्ये घट्ट, टोकाला सैल. मी रोज संध्याकाळी देवाची वात वळते तसाच.

ती वात मी चुलीत टाकली. एवढं लिहायला मला चार दिवस लागले. दट्टा स्वच्छ धुतला आणि पाटी मिस्तरींकडे दिली. त्यांना काहीच सापडलं नाही. त्यांनी शेठजींना जे दिसलं ते सांगितलं, "तेल जळालं. गाडी बिघडल्यावर ओढली गेली." शेठजींनी त्याचा अर्थ लावला की ड्रायव्हरनं जाळली. मुंबईहून सामान आलं, काम झालं. सगळा खर्च चारशे साठ रुपये. तो त्यांनी उस्मानभाईंच्या जमा पैशांतून कापला आणि त्यांना काढून टाकलं. त्या चारशे साठात आमची मजुरीही होती. ती घरात आली, तिचं धान्य आलं, मीही खाल्लं.

सहा-सात महिने मी गप्प होते. बोलले असते तर मिस्तरींचं नाव गेलं असतं, असं मी स्वतःला सांगे. त्याहून खरं हे की तुकडा का घेतला नाहीस, याचं उत्तर मला तोंडानं देता आलं नसतं.

मग एका दुपारी उस्मानभाई आले. आता ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कापसाच्या गठाणी उचलत होते. शेठजींनी काढलेला ड्रायव्हर म्हणून कोणी गाडी देत नव्हतं. मिस्तरींनी स्टूल दिलं, ते बसले नाहीत.

"मिस्तरी, एक बात विचारू?"

"विचारा ना, भाई."

"पैशाची बात नाही. गेले ते गेले. बारा साल स्टिअरिंग धरलं मी. माझं चुकलं काय, तेवढं सांगा. समजा उद्या कोणी गाडी दिली, तं त्या गाडीतबी मी तेच करीन ना. मले मालूमच नाही काय केलं ते."

मिस्तरी म्हणाले, "गरम झाली तवा उभी कराले पाहिजे होती."

"ते तं बाद में. पहले काहून अडकली? त्याच्या आधी मी काय केलं?"

मिस्तरींनी नकाराची मान हलवली. उस्मानभाई वळले. "तुमालेबी मालूम नाही तं मंग कोणाले असंन," असं म्हणून गेले. रागावले नाहीत. मला ते रागावले असते तर सोसलं असतं.

मी मिस्तरींना पडवीत बोलावलं आणि सांगितलं. वात, दट्टा, चूल, सगळं. ते खाली बसले. त्यांनी हातातला पाना जमिनीवर ठेवला.

"रेशीम काहून नाही घेतलं?"

"फळीवर होतं."

"मंग?"

मिस्तरींनी पडवीतल्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे माझं वेगळं अंथरूण पडत असे, आणि पुन्हा विचारलं नाही. उठले, आत गेले, सोवळ्याचं गाठोडं देवाच्या फळीवरून काढून अंगणातल्या कोनाड्यात आणून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "अरे, ते काहून हलवलं?" ते म्हणाले, "तिथं त्याचा उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही यष्टीनं अकोटला गेलो. मी शेठजींच्या गादीच्या दारात उभी राहिले, पदर कपाळापर्यंत. मिस्तरींनी सांगितलं. शेठजींनी ऐकून घेतलं, मग हसले.

"मिस्तरी, ड्रायव्हरले वाचवाचं हाय तं सरळ सांगा. घरच्या बाईवर काहून ढकलता? एवढ्या गाडीचा गिअर बाई धुते?"

"मी धुते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "वात माझीच होती. मी ओळखली."

शेठजी मिस्तरींकडे वळले. "म्हंजे तुमी माझी गाडी बाईच्या हातात देत होते. बरं झालं सांगतलं. आता गाडी नागपूरले पाठवत जाईन."

"उस्मानभाईचे पैसे..." मिस्तरी म्हणाले.

"ज्याच्या हातानं बिघडलं त्यानं भरावं. हे तं माझंच म्हणणं होतं. तुमच्या हातानं बिघडलं, तुमी द्या त्याले."

ते बरोबरच होतं. मिस्तरी म्हणाले, "देतो. पण एवढं करा शेठजी, बाजारात चार माणसांत सांगा का उस्मानची चूक नव्हती. त्याले कोणी गाडी देत नाही."

"मी कायले सांगू? माझी गाडी उलटी आली होती हे लोक आत्ता कुठं विसरून राह्यले."

गादीवरचे मुनीमजी खाली मान घालून लिहीतच राहिले. आम्ही यष्टी स्टँडवर येऊन बसलो.

उस्मानभाईंना मिस्तरींनी मालधक्क्यावर जाऊन सांगितलं. ते घरी आले. मी दाराआड उभी होते. त्यांनी दट्टा पाहायला मागितला. मिस्तरींनी तसलाच एक जुना दट्टा दाखवला, खाच दाखवली, तेल कुठून येतं, अडकलं की पुढचा गिअर कसा पडत नाही आणि मागचा का पडतो. उस्मानभाईंनी दट्टा बोटावर सरकवून पाहिला. चार-पाच वेळा सरकवला.

"म्हंजे मी काहीच नाही केलं," ते म्हणाले.

"काहीच नाही."

त्यांनी दट्टा स्टुलावर ठेवला. दाराकडे पाहून म्हणाले, "भाभी, सहा महिने झाले." एवढंच म्हणाले.

पैसे मीच फेडणार असं मी मिस्तरींना सांगितलं. त्यांनी वाद घातला, पण मी ऐकलं नाही. गॅस्केटं कापता येत होतीच. मिस्तरी नमुने आणून देत, मी डझनावारी कापे. अकोल्यातली तीन गॅरेजं आणि माहेरच्या राजापेठेतलं एक माझा माल घेत. मालक कोण ते त्यांनी विचारलं नाही. ट्रकची, पंपांची, जिनातल्या इंजिनांची. अंगठ्याला जो घट्टा पडला तो अजून आहे. महिन्याला दहा रुपये ठरले. आजारपणात, सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात काही महिने चुकले. सव्वाचार वर्षं लागली.

दर महिन्याला उस्मानभाई येत आणि दाराशी उभे राहून पैसे घेत. पूर्वी आमच्याकडे चहा घेत, तो त्यांनी बंद केला होता. मी चहा ठेवी, ते म्हणत, "अभी नहीं, भाभी." पहिल्या दोन-तीन खेपेला मिस्तरींच्या हातून पैसे दिले. मग मीच बाहेर येऊन देऊ लागले. हळूहळू त्यांना विटांच्या एका ट्रकवर काम मिळालं, मग यष्टीत लागले. अकोट रस्त्यावरच गाडी होती त्यांची, सरकारी. जी जुनी टॅक्सी ते घेणार होते ती त्या ओळखीच्या माणसानं दुसऱ्या कोणाबरोबर घेतली. कधी कधी दोन्ही गाड्या आमच्या गॅरेजावरून पाठोपाठ जात.

मिस्तरींनी त्यानंतर आपोआप गिअरची गाडी आली की प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, "जाळी आमच्या घरी धुतली जाते. चालत असंन तं गाडी ठेवा." काही गाड्या परत गेल्या. बऱ्याच राहिल्या. पण जाळी बसवण्याआधी ते उन्हाकडे धरून पाहू लागले. माझ्यासमोर पाहात. ते मला लागलं आणि ते बरोबर होतं.

शेवटचे दहा रुपये मी दिवाळीच्या आधी दिले. उस्मानभाई खाकी कपड्यांत आले होते, ड्युटी संपवून. मी नोट दिली आणि म्हटलं, "भाई, हे शेचाळिसावे."

"मालूम हाय," ते म्हणाले. नोट घडी करून वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. "चारशे साठ. पुरे झाले, भाभी. तुमच्याकडे आता माझं काही नाही."

मी म्हटलं, "तुमचं नाव गेलं होतं भाई, ते नाही देता आलं."

ते म्हणाले, "पहले पहले मी सगळ्याइले सांगत जाव. बाजारात, मालधक्क्यावर, मशिदीत. गाडी माझ्या हातानं नाही बिघडली म्हून. कोणी मानत नव्हतं. आता सांगतलं तं सगळे मानतीन. पण आता कोणी विचारतच नाही."

त्यांनी सायकल घेतली आणि स्टँडकडे गेले. मी आत येऊन मिस्तरींना सांगितलं की पैसे पूर्ण फिटले.